आधी बायकांची पंगत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वांग्यांवरून भांडण.

शनिवारचा बाजार होता. थंडीचे दिवस, म्हणजे आमच्या खानदेशात भरताचे दिवस. तापी, म्हणजे आमची मंडळी, एकेक वांगं तळहातावर घेऊन सोनारासारखी जोखत होती. हलकं वांगं चांगलं, त्यात बी कमी, हे तिचं शास्त्र. मी चौथी शिकलेला माणूस, माझं शास्त्र वेगळं. पैसे देतो तर माल का सोडायचा? मी आपला जड जड वांगी पिशवीत टाकत होतो आणि ती काढून परत ढिगावर टाकत होती!

"तुम्हले वांगं नही, धोंडा पाहिजे," ती भर बाजारात म्हणाली. (घरात आम्ही अहिराणी बोलतो. बाजारात जरा सावकाश बोलतो, म्हणजे सगळ्यांना कळतं.)

"तुझ्या बापाने तुला दाखवली तेव्हा मी वजन पाहिलं होतं का?" मी म्हटलं.

"पाहिलं असतं तर पिशवी उचलायला मला आणलं नसतं!"

वांगीवाला इतका हसला की त्याने एक वांगं वरून फुकट दिलं. जड होतं. तापीने ते परत केलं.

मग ती तिथेच गोणपाटावर बसली. म्हणाली दाढ ठणकतेय, पाठीत भरून आलंय, दम लागलाय. थंडीत कपाळावर घाम. मी, वांगीवाला, शेजारची मिरचीवाली, तिघांनी मिळून तिथल्या तिथे निदान केलं की हे पित्त! लिंबूसोडा मागवला. तिने मोठी ढेकर दिली. आम्हा सगळ्यांना बरं वाटलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मी जरा आडवी होते." लग्न झाल्यापासून ही बाई दिवसाउजेडी आडवी झालेली मी पाहिली नव्हती. मी तर खूश झालो, म्हटलं बरं झालं, एकदा तरी टेकली. चहा ठेवला. (तोही जमला नाही, उतू गेला.) हाक मारली. मी अर्धी हाक मारली की पूर्ण उत्तर देणारी बाई ती. त्या दिवशी तिने ओ दिली नाही.

थांबा, पान उलटू नका. गंमतच सांगायला बसलोय. रडायचं ते मी रडून घेतलंय आणि त्यातही मला कुणी हरवलेलं नाही.

तेराव्याला माझी लेक मंगल धुळ्याहून आली होती, तिच्याबरोबर तिच्या शेजारच्या डॉक्टर मॅडम आल्या. हृदयाच्या डॉक्टर. वयाने मंगलएवढ्याच, पण नजर पोलिसाची. त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. जबडा दुखत होता का? हो. पाठ? हो. घाम? हो. आधी काही दिवस थकवा, छातीत जळजळ, जिना चढताना दम? हो, हो, हो.

"नाना, ते पित्त नव्हतं. हार्ट अटॅक होता."

"कसं शक्य आहे? तिने छाती धरलीच नाही."

"छातीत दुखतं बायकांच्याही. पण पुष्कळ वेळा जबडा, पाठ, पोट, दम, नुसता थकवा, असंच दुखणं पुढे येतं. तुम्हाला वाटतं दाढ. त्यांना वाटतं पित्त. आणि दोघांनाही वाटतं, काम उरकल्यावर बघू."

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. पुरुषाला अटॅक आला की तो सिनेमातल्यासारखा छाती धरतो, मटकन बसतो, गाव गोळा होतं, कुणीतरी गाडी काढतं. बाईला अटॅक येतो तेव्हा ती भांडी घासत असते. भांडी संपल्याशिवाय ती कुणाला सांगत नाही. आणि सांगितलं तर घरचे म्हणतात, सोडा पी!

आता सिंधूची ओळख करून देतो. सिंधू ही तापीची धाकटी बहीण, माझी मेव्हणी, आणि आमच्याच गल्लीत भिकनच्या घरात दिलेली. भिकन माझा साडू. सासऱ्यांनी मुलींना नद्यांची नावं दिली होती, आणि दोघींच्या बोलण्याला पूर बारमाही! तापी गेल्यापासून माझा जेवणाचा डबा सिंधूकडून यायचा. डब्याबरोबर शिव्याही यायच्या. "भाऊजी, भांडं घासून ठेवत जा. भाऊजी, सदरा कालचाच का? भाऊजी, अक्का असती तर तुम्हाला अंगणात उभं केलं असतं." मी मान खाली घालून ऐकायचो. शिव्या ऐकल्या की भाकरी बरी लागायची.

वर्ष होत आलं होतं. एके दिवशी ती आली, डबा माझ्या हातात दिला आणि आमच्या ओट्याच्या पायरीवरच बसली. जबडा दाबत.

"काय झालं?"

"दाढ ठणकतेय. ओटा चढले की दम लागतो हल्ली. वय झालं."

माझ्या हातातला डबा खाली पडला. (कालवणासकट. त्याच्या शिव्या वेगळ्या मिळाल्या.)

"सिंधू, जळगावला चल. आत्ता. डॉक्टरला दाखव."

"माले काय व्हयेल नही! पित्त शे ते."

बहिणी-बहिणींचं पित्तसुद्धा एकाच दुकानातलं! मी समजावलं, ओरडलो, हात जोडले. तिची उत्तरं तयार होती. आज कापूस वेचायला बायका लावल्यात. उद्या नातवाचा वाढदिवस. परवा पापडांचं पीठ भिजवायचंय. मी भिकनकडे गेलो. भिकन म्हणाला, "तिला काय होणार नाना? दिवसभर काम करते. बसलेली पाहिली का कधी?"

"पाहिली ना! म्हणून तर आलोय!"

त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. आमच्या घराण्यात डोक्यात शिरायला वर्ष लागतं. मला लागलंच होतं.

तेव्हा मी ठरवलं. सिंधू एकटीने डॉक्टरकडे जाणार नाही, तर डॉक्टरच गावात आणायचा. वर्षश्राद्धाचं विधीचं जेवण आदल्या दिवशी भटजींच्या मनासारखं उरकायचं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खळ्यावर सगळ्या गावातल्या बायकांची हृदयतपासणी! डॉक्टर मॅडम लगेच हो म्हणाल्या, नर्सताई आणि मशीन घेऊन येते म्हणाल्या. आणि बायका याव्यात म्हणून नंतर भरीत. भाऊबंदांनी तोंड वाकडं केलं, बाईच्या वर्षाला वांगं कोण करतं म्हणून. मी म्हटलं, "तिने खिरीसाठी कधी भांडण केलं नाही, वांग्यासाठी केलं. भरीतच होईल."

रिक्षाला भोंगा लावला आणि घोषणा मी माझ्याच आवाजात भरली. डॉक्टर मॅडमना लिहून द्यायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, आपलं गाव, आपली भाषा.

"ऐका हो ऐका! गावातल्या बठ्ठ्या, सगळ्या बायकांची छाती फुकट तपासली जाईल! नानांच्या खळ्यावर! कुणीही लाजू नये! नंतर भरीत!"

रिक्षा ज्या गल्लीत शिरे त्या गल्लीतली दारं धडाधड लागत. सरपंचाचा फोन आला, "नाना, तुमचं वय काय, घोषणा काय!" तेवढ्यात धुळ्याहून मंगलचा फोन, "बाबा, तुमच्या भोंग्याचा व्हिडिओ इथे पोचला. माझ्या सासूने पाहिला." मी म्हटलं, मग त्यांनाही घेऊन ये तपासायला. तिने फोन ठेवला.

घोषणा बदलली. छाती काढली, हृदय घातलं. ते ऐकून दोन म्हातारे टाळ घेऊन चौकशीला आले, प्रवचन कोणाचं आहे म्हणून!

तपासणीचा दिवस उजाडला. खळ्यावर मी कडुलिंबाखाली बाज टाकली, तिच्याभोवती तापीची लुगडी बांधून आडोसा केला. डॉक्टर मॅडम आल्या, मशीन मांडलं. आणि काय सांगू, सकाळी सकाळी गावातल्या झाडून सगळ्या बायका आल्या! मला भरून आलं. नंतर पाहिलं तर प्रत्येकीच्या हातात तवा. कुणी परात आणलेली, कुणी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ, कुणी मिरच्या. आल्या तशा सरळ चुलीकडे गेल्या. कुणी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, कुणी वांगी भाजायला घेतली, कुणी भाकऱ्या थापायला बसली. सिंधू सगळ्यांत पुढे. बहिणीच्या वर्षाचं जेवण म्हणून तिने पदरच खोचला होता.

आणि आडोशापाशी रांगेत कोण? गावातले पुरुष! अंघोळ करून, नवे बनियन घालून, केसाला तेल लावून.

मॅडमनी लुगडं बाजूला केलं तर बाजेवर भिकन उघडाबंब.

"नाना, हे कोण?"

"माझा साडू."

"बायका कुठे आहेत?"

"चुलीवर."

"नाना, तपासणी बायकांची आहे ना?"

मी भिकनला विचारलं. भिकन बाजेवरूनच म्हणाला, "नाना, असं काय करता? आपल्यात पहिली पंगत कुणाची असते?"

आता माझ्या ध्यानात आलं. मी तपासणी आणि भरीत एका घोषणेत घातलं होतं. गावाने दोन्हीला एकच कायदा लावला. जेवणात पहिली पंगत पुरुषांची, मग पोरांची, बायका सगळ्यात शेवटी, उरलं तर. तीच रांग तपासणीला! कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या पाय त्याच क्रमाने पडतात.

मी म्हटलं, होऊन जाऊ दे लवकर, पुरुष संपले की बायका. पण पंगत आली की तिचे मानपानही येतात. आधी सगळ्यात वयस्कर. मग शेजारच्या गावचे पाहुणे, त्यांना थांबवून कसं चालेल? मग सरपंच, मग भोंगेवाला रिक्षावाला, कारण त्याने गाव फिरून मेहनत केली होती. एकाची तपासणी झाली तर भाऊबंदांनी आग्रह केला, "असं कसं, एकदा अजून घ्या!"

दुसरी अडचण केसांची. छातीवर ते गार गार मलम लावून त्यावर मशीनच्या वाट्या चिकटवायच्या असतात. आमच्या भिकनच्या छातीवर सातपुडा! वाटी बसे आणि फट्‌ करून उडे. नर्सताई मलम ओतून ओतून दमल्या. मलमाची बाटली निम्मी भिकनवरच संपली. (वर तो विचारतो कसा, "हे मलम गुडघ्याला चालेल का?")

ऊन तापलं तेव्हा मॅडम आडोशातून बाहेर आल्या. हातात कागदाची गुंडाळी. बोटभर उरलेली.

"नाना, कागद संपत आला. अख्ख्या सकाळी एकही बाई तपासली नाही. तुमच्या गावातल्या पुरुषांची हृदयं अतिशय उत्तम आहेत. कारण त्यांची काळजी घ्यायला घरोघरी एकेक माणूस ठेवलंय." आणि चुलीकडे बोट दाखवलं.

तिकडे सिंधू बडग्यात, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, मुसळाने वांगी ठेचत होती. दोन ठोके मारी, थांबे, जबड्याला हात लावी, पुन्हा दोन ठोके. चुलीजवळ सगळ्यांनाच घाम येतो म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. मला ते गोणपाट दिसत होतं.

मी बैलगाडीवर चढलो. (उतरताना सदरा फाटला, ते नंतर.) आणि ओरडलो, "ऐका! आजची पंगत उलटी! जोवर गावातली शेवटची बाई मॅडमसमोर बसत नाही, तोवर एकाही पुरुषाच्या पानात भरीत पडणार नाही! वांगी माझी, खळं माझं, वर्ष माझ्या बायकोचं!"

 मग भाजलेल्या वांग्याचा, लसणाचा, हिरव्या मिरचीच्या फोडणीचा वास वाऱ्यावर आला आणि पुरुषांच्या रांगेतून तो असा काही फिरला की काय सांगू! जन्मात ज्यांनी बायकोला "बरी आहेस का" विचारलं नव्हतं ते चुलीकडे धावले.

"जाय ना वं, तपासून घे!"

"भाकरी करपेल."

"करपू दे! तुझा जीव मोलाचा शे!"

"आँ? आज काय खाल्लंय तुम्ही?"

"काहीच नाही खाल्लं, तेच तर सांगतोय! भूक लागनी!"

कारण काही का असेना, बायका लिंबाखाली आल्या. मॅडमनी आधी प्रत्येकीचं ब्लडप्रेशर घेतलं आणि विचारलं, "आता मला सांगा, कुणाकुणाला त्रास आहे? उरलेला कागद त्यांच्यासाठी."

एकीलाही त्रास नव्हता! इतकं निरोगी बायकांचं गाव भारतात दुसरं नसेल. कुणाला दम लागत नाही, कुणाला थकवा नाही, सगळ्यांना फक्त पित्त आणि तेही ओव्याने जातं.

मॅडम हताश झाल्या. पण मी या गावात जन्म काढलाय. मी म्हटलं, "बायांनो, स्वतःचं सांगू नका. शेजारणीचं सांगा."

झालं! धरणाचे दरवाजे उघडले!

"ही ना, हंडा उचलला की भिंत धरते!"

"मी भिंत धरते, आणि तू? कापसाच्या बांधावर मांडी घालून बसते ते?"

"हिची बीपीची गोळी डब्यात तशीच पडलीय, सासूला सांगते घेतली म्हणून!"

मॅडम आणि नर्सताई दोघी लिहून घेताना दमल्या. इतकी अचूक माहिती कुठल्या मशीनने दिली नसती. त्यात शिंप्याच्या घरची जुबेदाबी उभी राहिली. ती आणि सिंधू एका नळावर पाणी भरतात, आणि रोज भांडतात.

"सिंधू क्या बोलेगी, मी सांगते मॅडम. महिना झाला, नळावरून घरी जाताना दोनदा खाली बसते. थंडीत घाम. जबडा असा धरते. काल हातातून कळशी सुटली, माझ्या पायावर पडली. मी भांडलीच नाही. घाबरली मी."

सिंधू चुलीवरूनच गरजली, "जुबेदे, तुझी कळशी रोज उचलून देते ते विसरली का? चुगलखोर!"

"चुगली तर चुगली. उद्या भांडायला तू पाहिजे ना."

सिंधू गप्प झाली. सिंधू गप्प झालेली मी पहिल्यांदा पाहिली आणि मला आणखीनच भीती वाटली. मी म्हटलं, "चल, बाजेवर."

"तव्यावर भाकरी आहे भाऊजी."

तेव्हा भिकन पुढे आला. चेहरा उतरलेला. त्याने बायकोच्या हातातून पिठाचा गोळा घेतला आणि म्हणाला, "जाय तू. भाकरी मी टाकतो."

गाव बघत राहिलं. सिंधूने नवऱ्याकडे बघितलं, गोळ्याकडे बघितलं, आणि खरं सांगतो, धक्क्यानेच ती बाजेवर जाऊन पडली!

पण तिथेही मशीन चालेना. कारण लुगड्यापलीकडे भिकन भाकरी थापत होता आणि ते तिला ऐकू येत होतं. "ओ, पाणी कमी लावा! ओ, जाळ मागे ओढा! जळाली! मला वास येतोय!" नर्सताई म्हणाल्या, मावशी, बोलू नका, रेषा हलतात. सिंधू म्हणाली, रेषेला सांगा त्यांना जाऊन शिकव. शेवटी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी भिकनच्या हातातली परात काढून घेतली आणि त्याला उभं केलं. खळं गप्प झालं. मशीन टकटक करत राहिलं.

मॅडमनी कागद फाडला, पाहिला, पुन्हा पाहिला. चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही, पण आवाज बदलला.

"मावशी, आत्ता दुखतंय का?"

"थोडं. सकाळपासून."

"नाना, माझी गाडी काढते. जळगावला जायचं. उद्या नाही, जेवून नाही, आत्ता." तिथेच त्यांनी तिला गोळ्या दिल्या आणि फोन लावला.

सिंधू उठून बसली. "भरीत कोण कालवणार? मीठ घालायचं राहिलंय!"

"आम्ही अळणी खाऊ!" मी ओरडलो. माझा आवाज फाटला, मग मी सदऱ्यावर ढकललं, तोही बैलगाडीवरून उतरताना फाटला होता.

ती गाडीत बसली तेव्हा तिच्या दोन्ही हातांना पीठ होतं. जुबेदाबीने तिच्या हातात हात दिला आणि तशीच बाजूला बसली. भिकन पुढे, मी मागे कडेला. सिंधू रस्ताभर सांगत होती, कापूस कुठे झाकायचा, म्हशीला पेंड किती, भाऊजींचा डबा कोण देणार. मी म्हटलं, "बाई, अटॅक तुला, हिशोब आमचा?" तर म्हणाली, "भाऊजी, अक्काला पण असंच झालं होतं का?"

मी म्हटलं, "हो."

"मग तिला गाडीत का नाही घातलं?"

"कुणाला माहीतच नव्हतं सिंधू. तिलाही नाही."

तिने पिठाचा हात पदराला पुसला. मग म्हणाली, "बरं. मग आता चालवा जोरात."

संध्याकाळी जळगावच्या दवाखान्यात तिच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत, बऱ्या होतील. भिकन मला मिठी मारून रडला. (त्याच्या अंगाला अजून त्या मलमाचा वास येत होता.) जुबेदाबी भिंतीला टेकून दुआ पुटपुटत होती, आणि मी आपला उगाच सगळ्यांना सांगत फिरत होतो, वॉचमनलासुद्धा, की घरातल्या बाईची दाढ दुखली, दम लागला, थंडीत घाम आला तर सोडा पाजू नका, दवाखाना गाठा. त्याने लगेच घरी फोन लावला. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

तिकडे खळ्यावर गावातल्या बायकांनी पहिल्या पंगतीत बसून अळणी भरीत खाल्लं. पुरुषांनी वाढलं. मागे थांबलेल्या नर्सताईंच्या उरलेल्या कागदावर मंगलच्या सासूचाही नंबर लागला, असं नंतर कळलं. (व्हिडिओ पाहून आली होती.)

रात्री मी गावी परतलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटवली. ठरवलं होतं, वर्षभर सिंधूच्या हातचं खाल्लं, आज तिला आपल्या हातचा डबा द्यायचा. भाकरी थापली. पहिली परातीतच फाटली, दुसरी तव्यावर नकाशासारखी पसरली, तिसरी जमली. म्हणजे मला तसं वाटलं. कालच्या उरलेल्या भरतात मीठ घातलं, डबा बांधला आणि जळगावची पहिली गाडी धरली.

सिंधू खाटेवर टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण जीभ जागेवर. तिने डबा उघडला. भाकरीवर बोटाने टकटक केलं. नर्सला म्हणाली, "ताई, काल डॉक्टरांनी नळीतून काढलं ते हेच होतं का?"

नर्सने डबा बाजूला ठेवला, पेशंटला अजून हे चालणार नाही म्हणाली. मग ते खायचं कुणी? पहिली पंगत बायकांची, उरलं ते आमचं. मी खाटेशेजारी स्टुलावर बसलो आणि सिंधूच्या समोर भाकरी खाऊ लागलो. तिने विचारलं, "कशी झालीय?" मी म्हटलं, "अक्काच्या भाकरीसारखी." दुसरा घास घेतला आणि तो असा काही छातीत अडकला, की मला घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं, मी छाती धरली आणि स्टुलावरून खाली!

एकदम गोंधळ. सिंधू ओरडली, नर्सने घंटा दाबली, चार माणसं धावली. (सांगितलं होतं ना, पुरुषाने छाती धरली की गाव गोळा होतं!) मला उचललं, शेजारच्या खाटेवर आडवा केला, सदरा काढला, मलम, वाट्या, कागद. मी डोळे मिटले. म्हटलं तापी, येतो आता, वांगी हलकीच आणतो.

धुळ्याच्या आमच्या मॅडम सिंधूला बघायला तेव्हाच आल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, वरून खाली पाहिला, मग माझा डबा पाहिला.

"नाना," त्या म्हणाल्या, "हृदय एकदम ठणठणीत आहे. भाकरी कच्ची आहे."